शेपटीची रीतसर खरेदी

खरेदी विभागात केस पांढरे केलेल्या माणसाला घरात तुच्छ लेखायची पद्धत आहे. जे लोक पहिल्या दुकानातली पहिली वस्तू उचलतात आणि ती बिघडली की नशिबाला बोल लावतात, ते स्वतःला व्यवहारी म्हणवतात. आणि आम्ही, जे साधी टाचणीसुद्धा तीन दरपत्रकं मागवून, तुलनात्मक तक्ता मांडून, समितीचा अभिप्राय घेऊन विकत घेतो, ते मात्र घोळ घालणारे. असो. ज्या पिशवीची ही हकीकत आहे तिच्या खरेदीत नियमाचा एक काना इकडचा तिकडे झालेला नाही, एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. पुढे जे झालं त्याला कोणी घोळ म्हणो, कोणी पराक्रम. माझं मत पराक्रमाकडे झुकतं.

बारीक चाकांची आणि वाकड्या शिंगांची सायकल माझ्याकडे कशी आली हा प्रश्न इथे गैरलागू आहे. ती आली आणि हॉलमध्ये, खिडकीखाली उभी राहिली. त्या जागेवर आधी बायकोचं शिवणयंत्र होतं. ते बेडरूममध्ये कपाटाच्या आडोशाला गेलं, जिथे दोरा ओवताना तिला स्वतःच्याच सावलीशी भांडावं लागतं. या स्थलांतराबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बायका ज्याबद्दल बोलत नाहीत ते खातं बंद झालेलं नसतं, त्यावर व्याज चढत असतं.

त्या व्याजाची मागणी माझ्या मेहुण्यामुळे आली. मेहुणा दातांचा डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडं ठेवून उत्तर देता येत नाही, अशाच अवस्थेत बोलायची त्याला सवय. शहरातल्या सायकलवाल्यांचा एक गट त्याने जमवला आहे आणि तो त्यांचा कप्तान आहे. एका रविवारी आमच्या सोफ्यावर बसून त्याने जाहीर केलं, "भावोजी, पुढच्या महिन्यात आपण दीपगृहापर्यंत जाऊन परत. सूर्योदयाला निघायचं, सूर्यास्ताच्या आत घरी. आपापलं सामान आपापल्या सायकलवर. विकतचा चहा सोडला तर वाटेत बाहेरच्या कोणाकडून काही घ्यायचं नाही. मागून एक गाडी येईल. जो दमेल त्याला उचलेल, पण तो बाद. गाडीतून काही घेईल तोही बाद."

"उचलगाडी म्हण की सरळ," बायको आतून म्हणाली.

"उचलगाडीच," मेहुणा म्हणाला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी दाढ काढायचीच आहे, फक्त तारीख ठरायची आहे.

बायको हात पुसत बाहेर आली. "मी बसणार त्या गाडीत. दमलेल्यांचं पाणी-बिणी बघायला कोणीतरी लागेलच. आणि अहो, ऐका. त्या गाडीत तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात, तर दुसऱ्या दिवशी सायकल गच्चीवर आणि माझं यंत्र खिडकीखाली."

"आणि पूर्ण केलं तर?"

"तर ती राहील हॉलमध्ये. मी पुन्हा विषय काढणार नाही."

व्यवहार स्वच्छ होता. मला असे व्यवहार आवडतात.

आता सामान म्हटलं की पिशवी आली, आणि पिशवी म्हटली की प्रक्रिया आली. पहिली पायरी म्हणजे गरजेचं निश्चितीकरण. मी समिती नेमली. मी अध्यक्ष, बायको सदस्य, मुलगी सचिव, आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून समोरच्या फ्लॅटमधले अनुभवी. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण इमारतीत सगळे त्यांना अनुभवी म्हणतात, कारण जगातल्या कुठल्याही गोष्टीचा त्यांना अनुभव आहे. आमच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याला त्यांच्या अनुभवाच्या आकाराचा खड्डा पडलेला आहे.

"पंक्चर होणार," अनुभवी त्या खड्ड्यात स्थिरावत म्हणाले. "एक ट्यूब नेऊ नका. दोन पण नेऊ नका. मी एकदा दोन नेल्या होत्या."

"तुम्ही सायकल कधी चालवलीत?"

"सायकल नव्हती. पण ट्यूब होत्या."

तीन ट्यूब ठरल्या. पंप एक. "पंप बिघडला तर?" असं बायको सहज म्हणाली आणि पंप दोन झाले. पावसाचं जाकीट, उन्हासाठी हातावर चढवायचे मोजे, पान्यांचा जुडगा, टायर उचकटायच्या पट्ट्या, पाय आखडला तर मलम, मलमाने आग झाली तर दुसरं मलम, सुके मोजे, टॉवेल. मुलीने मोबाईलसाठी चार्जर घातला आणि चार्जर चार्ज करायला दुसरा. ही यादी मी मोठ्याने वाचली तेव्हा मलाच वाटलं की मी दीपगृहाला चाललोय की तिथे बदली होऊन.

मग तीन प्रकारांची चाचणी. पहिली, पाठीवरची. ऑफिसची बॅग भरून पाठीला लावली आणि इमारतीभोवती फेऱ्या मारल्या. वाकून बसल्यावर ती मानेवर चढते आणि मागून डोक्यावर टपली मारत राहते. ऑफिसात वरिष्ठ हे काम करतातच, त्यासाठी वेगळी खरेदी कशाला? नापास. दुसरी, हँडलवरची. दुकानदाराने ती उसनी दिली. भरल्यावर ती पुढचं चाक स्वतःच्या मताने वळवू लागली. मी दूधकेंद्राकडे जायचं ठरवलं होतं, आम्ही दवाखान्याच्या आवारात पोचलो. तिथल्या नर्सने "कुठे लागलंय?" असं विचारलं, तेव्हा मी "अजून नाही" म्हणून सांगितलं. नापास.

तिसरी, सीटमागची. लांबट, लोडासारखी, सीटला पट्ट्यांनी बांधलेली आणि मागे हवेत तरंगणारी. हिच्यात सगळं मावत होतं. तक्त्यात तिला सर्वाधिक गुण. समितीने एकमताने शिफारस केली. अनुभवींनी मात्र "याचा मला वाईट अनुभव आहे," एवढी टीप जोडली, पण तपशील विचारल्यावर ते चहाकडे वळले.

पिशवी मुलीने तिच्या मोबाईलवरून मागवली आणि प्रक्रियेतली एकमेव अडचण तिथेच झाली. पार्सल घरी आलं तेव्हा कोणी नव्हतं, म्हणून ते कुरिअरच्या कार्यालयात परत गेलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथे गेलो. काचेपलीकडचा कारकून माझ्याच जातकुळीचा होता. पेन कानावर, चेहऱ्यावर शांतता, आणि टेबलावर एकही वस्तू तिरकी नाही.

"पार्सल 'बाबा' या नावाने आहे," तो म्हणाला. "'बाबा' नावाचं ओळखपत्र दाखवा."

मुलीच्या मोबाईलमध्ये माझं नाव तेवढंच आहे.

"अहो, मीच बाबा."

"कोणाचे?"

"माझ्या मुलीचे."

"ते तुमच्या घरी. ओळखपत्रावर तुम्ही बाबा नाही आहात."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, छाती भरून आली. इतका नियमाला धरून बोलणारा माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. कदाचित एक शिक्का जास्त मागितला असता.

"मग मार्ग काय?" मी आदराने विचारलं.

"बाबांनी तुम्हाला अधिकारपत्र द्यावं, की 'माझं पार्सल या गृहस्थांना द्यावे'. सहीसह."

मी बाजूच्या बाकावर बसलो आणि मीच मला अधिकारपत्र दिलं. बाबा म्हणून सही केली, स्वीकारणारा म्हणून सही केली. कारकुनाने दोन्ही सह्या उजेडाला धरून पाहिल्या.

"दोन्ही सारख्या दिसतात."

"घरचं वळण आहे."

"हं," तो म्हणाला आणि पार्सल सरकवलं. आम्ही दोघांनी एकमेकांना ज्या नजरेने निरोप दिला, ती नजर बाहेरच्या माणसाला समजणार नाही.

घरी येऊन पिशवी भरली, सीटला बांधली, आणि ती मागच्या चाकावर टेकली.

कारण समजायला वेळ लागला नाही. माझी उंची बेताची आहे. शिवाय सायकल घेताना मी दुकानदाराला बजावलं होतं की सीटवर बसल्यावर माझे दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. जमीन सोडायची नाही, हे माझं आयुष्यभराचं धोरण आहे. त्या धोरणाने सीट इतकी खाली होती की सीट आणि चाक यांच्यात पिशवीला जागाच उरली नव्हती.

"बाबा, लहान बॅग घेऊया," मुलगी म्हणाली.

"निम्मं सामान काढा," बायको म्हणाली.

"मी म्हटलं होतं, वाईट अनुभव आहे," अनुभवी म्हणाले. ते कधी आत आले होते कोण जाणे.

या तिघांनाही खरेदी म्हणजे काय ते माहीत नाही. रीतसर समिती नेमून, तक्ता मांडून, अधिकारपत्र देऊन घेतलेली वस्तू चुकीची असूच शकत नाही. ती परत करायची म्हणजे फाईल पुन्हा उघडायची. आमच्याकडे एकदा दारात न मावणारं कपाट आलं होतं. आम्ही कपाट परत नाही केलं. दार मोठं केलं.

मी सीट वर घेतली.

पिशवी चाकापासून सुटली आणि ऐटीत मागे तरंगू लागली. पण मी सीटवर बसलो तर जमीन खाली राहिली, बऱ्यापैकी खाली. एका बाजूला कलंडलं तरी बुटाचं टोकच पोचे, तेही मनात आणलं तर. सीटवरून पुढे घसरून उतरावं, तर गुडघा थरथरे आणि पिशवी आपल्या वजनाने सायकल आडवी करी. शेवटी मला एक पद्धत सापडली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर एक पाय ठेवून चढायचं आणि स्टुलावरच पाय ठेवून उतरायचं. रस्त्यावर फुटपाथची कड किंवा सिग्नलचा खांब हेच काम करतो. सरावाला मी त्यामुळे खांब असलेल्या रस्त्यांनीच जायचो. हॉलमध्ये हा सराव चालू असताना बायको दारात उभी राहून बघायची आणि आत जायची.

ठरलेल्या दिवशी पहाटे आम्ही सगळे मैदानापाशी जमलो. मी फुटपाथच्या कडेला पाय टेकून, सहज उभा आहे असं दाखवत होतो. मेहुण्याने माझ्या सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"भावोजी, शेपूट छान लावलंय. आता वाटेत घालू नका म्हणजे झालं."

मंडळी हसली. मी हसलो नाही. त्याने खिशातल्या एका बारक्या डबीवर थाप मारली. "माझं सगळं यात. एक ट्यूब. बाकी पाय." मग त्याच्या डोळ्यांत एक हिशेब चमकला. "बरं, तुमच्याकडे पंप किती?"

"दोन."

"ट्यूब?"

"तीन."

"गड्यांनो," तो गटाकडे वळला, "आपलं भांडार सोबत आहे. कशाला वजन वाहता?" आणि त्याने आपला पंप सायकलवरून काढून उचलगाडीत टाकला. कप्तानाने टाकला म्हटल्यावर सगळ्यांनी टाकले. गाडीच्या खिडकीतून बायको पंपांचा तो ढीग पाहत होती. माझ्या समितीची गोष्ट मेहुण्याकडून ऐकून तीन आठवडे टिंगल करणाऱ्या माणसांनी समितीच्याच निर्णयावर इतका विश्वास दाखवावा, याने मला गहिवरून आलं.

आम्ही निघालो आणि मी लगेच शेवटचा झालो. उचलगाडी माझ्या मागोमाग घरंगळत होती.

"अहो," खिडकीतून आवाज आला, "दमलात?"

"नाही."

"चेहरा लाल झालाय."

"तो पहाटेचा उजेड आहे."

"नारळपाणी देऊ?"

"बाद होईन!"

"माहितीय. बघत होते घेताय का."

मी पॅडल मारत राहिलो. आणि थोड्या वेळात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गुडघे दुखत नव्हते. इतके दिवस बेडकासारखे छातीपर्यंत येणारे गुडघे आता पूर्ण लांब होत होते, आणि प्रत्येक फेरीला सायकल माझ्या अपेक्षेपेक्षा थोडी पुढे जात होती. दार मोठं केल्यावर कपाटच नाही, उजेडही आत आला होता.

शहर संपलं तसे फुटपाथ संपले. खांब संपले. दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि मध्ये सपाट रस्ता. पहिल्या चहाच्या टपरीपाशी गट थांबला होता. सायकली भिंतीला टेकवलेल्या, सगळी भिंत व्यापलेली, माझ्या पायाला कड म्हणून एक वीटही मोकळी नाही. "या, भावोजी!" मेहुण्याने हात केला. मी मान हलवली आणि पुढे गेलो. दुसऱ्या थांब्यावर तेच. पाण्याची बाटली सायकलच्या दांड्याला होती, केळी आणि खजूर सायकलच्या खास सदऱ्याच्या पाठीवरच्या खिशांत. एवढ्यावर चालत होतं. मागच्या शेपटीत जाकीट, मलमं आणि टॉवेल राजासारखे पडून होते.

"हे थांबत का नाहीत?" असं मागे कोणीतरी विचारल्याचं ऐकू आलं. त्या स्वरात आदर होता. मी तो स्वीकारला.

दीपगृहाच्या आवारात पोचल्याची खूण म्हणून मनगटावर शिक्का मारायचा होता. तिथल्या पहारेकऱ्याने "थांबा, साहेब" म्हटलं. मी दीपगृहाला एक फेरी घातली. त्याने पुन्हा "थांबा" म्हटलं. मी दुसरी फेरी सुरू केली. शेवटी तो बिचारा शिक्का घेऊन माझ्याबरोबर धावला आणि पळता पळता माझ्या मनगटावर, निम्मा सदऱ्याच्या बाहीवर, शिक्का उमटवला. "घाईत दिसता," तो धापा टाकत म्हणाला. मी फक्त हात वर केला. असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत.

परतीच्या वाटेवर माझ्या पुढे फक्त मेहुणा होता. आणि एका वळणानंतर तोही दिसला. रस्त्याच्या कडेला उभा, चाक काढलेलं, हातात फाटकी ट्यूब.

"भावोजी!" तो दोन्ही हात हलवत ओरडला. "थांबा! दोन्ही चाकं पंक्चर! ट्यूब द्या, पंप द्या!"

मी आजूबाजूला पाहिलं. खांब नाही, दगड नाही, झाड नाही, मैलाचा दगडसुद्धा नाही. सरकारने तो रस्ता नवीन केला होता आणि वाईट वेळी चांगलं काम केलं होतं.

"कड दिसली की थांबतो!" मी ओरडलो.

"काय?"

"कड!"

"भावोजी, गडबड आहे, अहो भावोजी!"

त्याचा आवाज मागे मागे गेला. मी मान वळवून पाहिलं, तेव्हा तो माझ्या शेपटीकडे टक लावून बघत होता. तीन ट्यूब आणि दोन पंप त्याच्या डोळ्यांदेखत ऐटीत डुलत क्षितिजाकडे निघाले होते. नंतर कळलं, गटातले बाकीचे एकेक करून त्याच्यापाशी थांबले, पण त्यांचे पंप पहाटेच उचलगाडीत पडले होते, आणि गाडीतून काही घेणारा बाद.

कड मला दिसली ती शहराच्या वेशीपाशी. तोवर मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

तिथून थोडं पुढे उचलगाडी माझ्या शेजारून गेली. खिडकीत मेहुणा बसला होता, मांडीवर चाक, तोंड बंद. त्याने तोंड बंद ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या शेजारून बायको वाकली. तिने माझ्याकडे नाही, माझ्या सीटकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"सावकाश या," ती म्हणाली. "मी पुढे होते."

आणि तेव्हा मला आठवलं की मैदानापाशी फुटपाथ फक्त सुरुवातीच्या बाजूला आहे. शेवटची रेषा मोकळ्या मैदानात आखलेली होती. चारही बाजूंना टाळ्या वाजवणारी माणसं आणि मध्ये मी, ज्याला उतरता येत नाही. सगळ्यांसमोर पिशवीसकट आडवं व्हायचं, किंवा वाटेतल्या पेट्रोलपंपाच्या खांबाला धरून बसायचं आणि कोणीतरी बोलवायला येण्याची वाट पाहायची. माझ्या तक्त्यात या बाबीला रकाना नव्हता.

मी मैदानात शिरलो. सूर्य अजून इमारतींच्या वर होता. मुलगी "बाबा! बाबा!" ओरडत होती. कारकुनाने हे ऐकायला हवं होतं. गटातल्यांच्या घरचे टाळ्या वाजवत होते. पांढरी रेषा जवळ येत होती, आणि रेषेपलीकडे, अगदी दोन हातांवर, मातीत आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलेलं होतं.

रेषेच्या अलीकडे नाही, पलीकडे. कारण अलीकडे ठेवलं असतं तर ती बाहेरची मदत झाली असती आणि मी बाद झालो असतो. सत्तावीस वर्षं खरेदी विभागाच्या माणसाबरोबर संसार केल्याशिवाय हे सुचत नाही.

मी रेषा ओलांडली, ब्रेक दाबला, पाय उचलला आणि स्टुलावर टेकवला. राजा रथातून उतरतो तसा उतरलो. निदान मला तसं वाटलं. मुलीच्या मोबाईलमधल्या चित्रफितीत थोडं वेगळं दिसतं, पण चित्रफितीला कोन असतो.

"कधीपासून ठेवलं होतंस गाडीत?" मी विचारलं.

"पहाटेपासून." तिने स्टूल उचलून बगलेत मारलं. "हॉलमध्ये तुमची कसरत रोज बघत होते. मला वाटलं, हे पडले तर गाडीत येतील, आणि नाही पडले तर स्टूल लागेल. दोन्ही सोयी केल्या होत्या."

मेहुणा गाडीतून उतरला. "ही काही शर्यत नव्हती," तो म्हणाला. आधी तो असं कधी म्हणत नसे. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "भावोजी, खरं सांगा, का नाही थांबलात?"

सगळे ऐकत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नियम नियम असतो," मी म्हणालो.

जमलेल्यांनी यावर मान डोलावली. कोणता नियम, हे कोणी विचारलं नाही. बायको मात्र स्टूल घेऊन पाठ फिरवून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलत होते.

घरी येऊन पिशवी उघडली. सगळ्या वस्तू समितीने ठेवल्या तशाच, घडीसुद्धा मोडलेली नाही. अनुभवी लगबगीने आले. "म्हणजे काहीच लागलं नाही? वाया गेली की खरेदी!" वस्तू वापरात आली की नाही, हा खरेदी विभागाचा प्रश्नच नसतो, हे त्यांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता. खरेदी योग्य होती. तिच्यासाठी सीट वर गेली, सीटमुळे गुडघे सुटले, गुडघ्यांमुळे मी पोचलो. मेहुण्याच्या त्या बारक्या डबीने एवढं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर हॉलमध्ये दोन माणसं सोफा उचलून दाराबाहेर काढत होती. सायकल खिडकीखालीच होती, जरा सरकवलेली. तिच्या शेजारी, उजेडात, शिवणयंत्र.

"अगं, आपलं ठरलं होतं ना? सायकल राहील."

"राहिलीय की." ती दोरा ओवत होती, पहिल्याच प्रयत्नात. "सोफा कुठे ठरला होता?"

इतक्यात अनुभवी दारात आले. त्यांनी नेहमीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा होता, खड्डा नव्हता. बसायला आता हॉलमध्ये एकच जागा उरली होती.

बायकोने ते स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. "बसा, पण सांभाळून. या स्टुलावर टेकायचं आणि लगेच निघायचं असतं. यांना विचारा."